डबीनं घेतलेली शपथ

उज्ज्वला सुतार यांनी आरोग्यसेविकेच्या साऱ्या नोकरीत कधी कुणाची शपथ घेतली नव्हती. मागणारे काही कमी नव्हते. बाळाच्या मांडीला सुई लावायची वेळ आली की एखादी आजी पदर खोचून दारात आडवी उभी राहायची. "बाई, ताप येणार न्हाई म्हणून शपथ घ्या, मगच हात लावा पोराला."

त्यावर बाईंचं उत्तर ठरलेलं. "ताप येणार. रात्रभर किरकिर करणार. सकाळी तुम्ही मला शिव्या देणार, आणि त्या खायला मी येणार."

सकाळी त्या खरंच येत. एवढ्यावरच आंबेखोलच्या माणसांनी त्यांच्यावर विश्वास टाकला होता. चंदगड तालुक्यातलं हे काजूच्या बागांमधलं गाव. बाई तिथं रुजू झाल्या तेव्हा लसीचा डबा खांद्याला अडकवून पायी फिरायच्या, मग स्कूटी आली, मग विजेवरची स्कूटी आली. आवाज मात्र पहिल्यापासून त्यांच्या पुढं धावायचा. किंचित घोगरा, खालच्या पट्टीतला, पण वळणावरून हाक मारली की शेवटच्या घरातली बाळंतीण पाळण्यातून मूल उचलू लागे.

निवृत्ती जवळ आली तेव्हा एका संशोधन संस्थेनं तो आवाज त्यांच्याकडून मागून घेतला.

माणसाचा आवाज म्हणजे तसं पाहिलं तर घशातल्या दोन पडद्यांची थरथर. जीभ, टाळू, दात आणि नाकामागची पोकळी त्या थरथरीला आकार देतात, आणि ही घडण दर माणसाची निराळी असते. एखाद्याचं पुरेसं बोलणं ऐकवलं की यंत्र त्या घडणीचा साचा शिकतं. मग त्या माणसानं जन्मात न उच्चारलेलं वाक्यसुद्धा ते त्याच्याच आवाजात, त्याच्याच लकबीनं बोलून दाखवतं. बाईंनी आधी एका बंद खोलीत बसून वाक्यं वाचली. पुढं वर्षभर गृहभेटींमधलं त्यांचं बोलणं, घरच्यांना विचारून, टिपून घेतलं गेलं. त्यातून तयार झाली एक मुठीएवढी डबी. गरोदर बाया, बाळंतिणी, दम लागणारी म्हातारी माणसं अशांच्या घरी ती फळीवर ठेवली गेली. विचारलं की ती उत्तर देई, गोळीची आठवण करी, रडणाऱ्या बाळाला अंगाईही म्हणे, आणि सगळं सुतारबाईंच्या आवाजात.

पण डबीचं खरं काम ऐकण्याचं होतं. हृदय थकलं, फुप्फुसांत पाणी साचू लागलं, की त्याची चाहूल पुष्कळदा बोलण्यात आधी लागते. माणूस वाक्य भलत्याच जागी तोडतो. स्वर लांबवता लांबवता मध्येच सोडून देतो. घरच्यांच्या कानांना हे कळत नाही, कारण ते रोज ऐकत असतात. डबी त्या माणसाचा आजचा आवाज त्याच्याच जुन्या आवाजाशी ताडून पाही. घरात बोललेलं डबीबाहेर जायचं नाही, हा नियम. फरक आढळला तर बाईंच्या मोबाइलवर घराचं नाव उमटे आणि पुढं दोन शब्द. जाऊन पाहा.

वर्षभरात गाव डबीला सरावलं आणि बाईंची पंचाईत झाली. त्या दारात गेल्या की लोक म्हणत, "काल तर सांगितलं की तुम्हाला!" दम लागणाऱ्या भैरू तात्यांनी तर तोंडावरच सांगून टाकलं, "डबीतल्या बाई तुमच्यापेक्षा बऱ्या. माणसाला बोलू देतात, मधे तोंड घालत न्हाईत." बाई हसल्या, पण घरी येईपर्यंत ते वाक्य त्यांच्या मनात घोळत राहिलं.

आणि मग एका सकाळी मोबाइलवर समृद्धीच्या घराचं नाव उमटलं.

समृद्धी दोन महिन्यांची बाळंतीण. नवरा गोव्यात नोकरीला, सासू काजूच्या कारखान्यात गेलेली. ती पडवीत खांबाला टेकून बसली होती, मांडीवर बाळ. आत थोरली जाऊ शिवानी वरवंट्यानं काही वाटत होती, त्याचा आवाज येत होता.

"काय गं, कशी आहेस?"

समृद्धीनं आधी आत पाहिलं, मग आवाज खाली आणला. "बाई, कशापायी आलासा? परवा सगळं... बोलणं झालंय की आपलं."

"काय बोलणं झालं?"

"आता असं करताय व्हय?" तिचे डोळे भरून आले. "शपथ घेतलीसा. सानिकाची."

बाईंना क्षणभर उलगडाच होईना. सानिका म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. सातारच्या पठारावर पवनचक्क्या दुरुस्त करायची, उंच मनोऱ्यांवर दोराला लोंबकळून. तिचा इथं काय संबंध?

"माझ्या सानिकाची?"

"तुमच्याच. 'माझ्या सानिकाची शपथ, कुणाला सांगणार नाही,' असं म्हणालासा. मगच मी... सांगितलं."

बाई खाली बसल्या. काय सांगितलं होतं ते विचारायची गरज उरली नव्हती. बोलता बोलता तिचं वाक्य दोनदा तुटलं होतं. त्यांनी तिच्या घोट्यावर अंगठा दाबला. खळगा पडला आणि तसाच राहिला. मानेवरची शीर फुगलेली होती.

"रात्री आडवी होऊन झोपता येतं का?"

समृद्धीनं बाळाचं दुपटं सारखं केलं.

"समृद्धी, तू माझ्याशी बोलली नाहीस. डबीशी बोललीस. शपथ तिनं घेतली."

"म्हायती हाय मला. मी काय खुळी हाय? बारावी झालोय." तिनं दम घेतला. "देवळात बी दगडच असतोय. म्हणून त्याच्यापुढं घेतलेली शपथ... खोटी हुती व्हय?"

"मग शपथ सुटली म्हण. तू म्हटलंस की मी मोकळी."

"न्हाई म्हणणार."

तेवढ्यात हात पुसत शिवानी बाहेर आली. "काय बाई, काय म्हणते आमची राणीसरकार? चार पावलं चालली की बसते. एवढा आराम तर आमच्या म्हशीला बी न्हाई."

सांगायचं तर हीच वेळ होती. गाडी काढा, हिला मोठ्या दवाखान्यात न्या, एवढं एक वाक्य. ते बाईंच्या ओठांवर आलंही. पण त्याच क्षणी त्यांना उंचावरच्या वाऱ्यात हलणारा एक दोर दिसला, आणि वाक्य घशातच राहिलं.

"येते मी परत," त्या म्हणाल्या आणि स्कूटीकडं निघाल्या.

गावाबाहेर काजूच्या झाडाखाली त्यांनी गाडी थांबवली. स्वतःचाच राग आला होता. भुताखेताचे धागे शेकडो दंडांवरून सोडवले, कावीळ उतरवणाऱ्याशी भर बाजारात भांडल्या, आणि आज एका यंत्राच्या शपथेपुढं जीभ लुळी पडली?

त्यांनी आधी तालुक्याच्या डॉक्टरांना फोन केला. रुग्णाचं नाव न घेता लक्षणं सांगितली.

"बाळंतपणानंतर हृदयाचा स्नायू सैल पडतो कधी कधी," डॉक्टर म्हणाले. "लवकर सापडलं तर बहुतेक जणी सावरतात. उशीर झाला तर... सिस्टर, आज हलवा. उद्यावर नको. मी गाडी पाठवतो, ती तुमच्या उपकेंद्रापाशी थांबेल."

मग डबी बनवणाऱ्या संस्थेतल्या पुष्करला. हा पोरसवदा इंजिनियर बाईंशी नेहमी फार अदबीनं बोले.

"डबी शपथ घेते हे तुम्हाला माहीत होतं का हो?"

तो गोंधळला. त्यानं विचार करून सांगितलं, "घाबरलेल्या माणसाला धीर द्यायचा, एवढंच शिकवलंय आम्ही तिला. तिनं शपथेनं धीर दिला."

"पण माझ्या लेकीची का?"

"ते... तुमच्या बोलण्यातून आलं असणार. समोरच्याला पटवून द्यायचं असलं की तुम्ही सानिकाचं नाव घेता, सिस्टर. 'माझ्या सानिकालाही हीच लस दिली', 'सानिकाच्या वेळी माझंही असंच झालं'. मनापासून खरं बोलताना तुम्ही तिच्यापाशी जाता. यंत्रानं तेवढं हेरलं."

बाईंना हे कधी जाणवलंच नव्हतं. त्यांनी लेकीला फोन लावला. पलीकडून वाऱ्याचा घोंघाट आला.

"सानिका, कुठं आहेस?"

"मनोऱ्यावर. बोल पटकन."

"आधी खाली उतर."

"आई! झालंय काय?"

बाईंनी सांगितलं. पलीकडून वाऱ्यासकट हसू आलं. "अगं, माझी शपथ घ्यायची तर निदान मला विचारायचं तरी! मग? मोडणार आहेस ना?"

"मोडायलाच हवी. पोरगी जाईल नाहीतर."

"मग मोड की. मला एक दोर आहे, तो तुटला तर दुसरा दोर आहे. तिला काय आहे?"

बाईंनी स्कूटीला किल्ली लावली.

"तरी पण," शेवटी त्या म्हणाल्या, "आजच्या दिवस तू खाली उतर."

"उतरते, माझे आई, उतरते."

बाई परत आल्या तेव्हा समृद्धी आतल्या खोलीत उशांचा ढीग पाठीशी घेऊन बसली होती. शिवानी परसात कपडे धूत होती. बाईंनी दार ओढून घेतलं.

"समृद्धी, तुझ्या पाठीमागं मी काही करणार नाही. म्हणून तोंडावर सांगते. मी आता शिवानीला हाक मारणार आहे. तू शपथ सोडलीस तर सोडवून, नाहीतर मोडून."

त्यांचा आवाज थोडा चढला असावा. मांडीवरचं बाळ हललं. आईच्या छातीला लागलेलं तोंड त्यानं काढलं, मान वळवली आणि बाई जिथं बसल्या होत्या तिकडं टक लावून पाहू लागलं. मग चक्क हसलं.

समृद्धीचा चेहरा उतरला.

"बघा," ती म्हणाली. "बघितलासा? तुमच्या आवाजाला वळतंय. रात्री अंगाई डबीच म्हणती. मला एक ओळ बी... पुरी हुईत न्हाई. मी नुसती थोपटत बसतोय."

बाईंनी फळीवरच्या डबीकडं पाहिलं.

"जाऊबाईंना मूल न्हाई. त्यांच्या मांडीवर ते... लगेच गप ऱ्हातंय, सगळी म्हणतात. मला दवाखान्यात ठिवून घेतील. मांडी त्यांची, आवाज तुमचा. मग माझं काय... ऱ्हाईल त्याच्यापाशी?"

आपला आवाज घराघरांत औषधासारखा पोचतोय असं बाईंना वाटत आलं होतं. तो एखाद्या आईच्या जागेवर जाऊन बसेल, हे मनात आलं नव्हतं. बाळ अजून त्यांच्याकडंच पाहत होतं. त्यांनी ओठ मिटून घेतले. मग उठून समृद्धीच्या कानाशी बसल्या आणि बाळाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाल्या, "तुझा आवाज आहे त्या डबीत."

"माझा?"

"ताडून पाहायला ठेवलेला. पोटुशी होतीस तेव्हापासूनचा. तू हो म्हणालीस तर तो लावता येतो का, मी विचारून पाहते."

समृद्धीनं मान हलवली. फोनवर पुष्कर आधी अडखळला, असं कुणी आजवर मागितलं नव्हतं. मग त्यानं समृद्धीलाच तिची परवानगी विचारली, आणि थोडा वेळ गेला. फळीवरच्या डबीतला दिवा लुकलुकला.

"ए माझ्या कोकरा," डबी म्हणाली. "ए माझ्या लबाड कोकरा, किती लाथा मारतोस रे आईला? बाहेर ये, मग दावतो तुला. ये की लवकर, मला दम निघंना झालाय!"

हे एका दमात आलं होतं. खणखणीत, हसरं, कुठंही न तुटता. पोटावर हात ठेवून ती असं काही बाही बोलत असे, तेव्हा डबी ऐकत होती.

बाळानं मान वळवली.

समृद्धीला मात्र बाळाकडं बघायचं भान नव्हतं. ती डबीकडं बघत होती. "असा हुता माझा आवाज?" तिनं विचारलं. "बाई... खरंच असा हुता?"

बाईंनी नुसती मान डोलावली.

तिनं तेच वाक्य म्हणून पाहिलं. 'ए माझ्या लबाड कोकरा' पर्यंत आली आणि थांबली. पुन्हा दम भरला, पुन्हा थांबली. तिच्या चेहऱ्यावर भीती उमटली. पायांच्या सुजेनं किंवा रात्रीच्या जागरणानं ती कधी उमटली नव्हती.

"बाई," ती म्हणाली, "मी परत अशी बोलंन?"

धीर द्यायला म्हणून बाई नुसतं हो म्हणून टाकतील काय? नाही. "बहुतेक बोलशील," त्या म्हणाल्या. "आज निघालीस तर."

समृद्धीनं डोळे पुसले. "सुटली," ती म्हणाली. "शपथ सुटली. हाक मारा त्यांना."

शिवानी ओल्या हातांनी आत आली. सगळं ऐकून ती आधी भडकली. "म्हंजे मी तुझं पोर पळवणार असं वाटलं तुला? मी? आणि एवढं हुतंय तर सांगायला तोंड नव्हतं?" मग तिनं समृद्धीच्या पायांकडं पाहिलं आणि तिचा आवाज एकदम मऊ झाला. "अगं येडे, मी तुला म्हस म्हणालो गं सकाळी."

गाडी आली. समृद्धी चढताना बाळ शिवानीच्या हातात देण्याची वेळ आली, तेव्हा तिनं त्याचं टोपरं नीट केलं आणि मगच हात सोडला.

कोल्हापूरच्या मोठ्या दवाखान्यात समृद्धीचं हृदय निम्म्याहून कमी ताकदीनं चाललेलं आढळलं. फुप्फुसांतलं पाणी उतरवलं गेलं, औषधं सुरू झाली. पहिले काही दिवस कठीण गेले, आणि मग ती हळूहळू सावरू लागली. बाळाला तिथं नेता येत नव्हतं, म्हणून घरची डबी आता समृद्धीच्याच जुन्या आवाजात त्याच्याशी बोलू लागली. बाईंनी पुष्करशी बोलून डबीला एक नवा नियम घालून घेतला. यापुढं कुणी शपथ मागितली तर डबीनं ती घ्यायची नाही. 'थांबा, बाईंना बोलावते' एवढंच म्हणायचं आणि बाईंना कळवायचं. आठवड्याभरात त्यांचा फोन इतका वाजू लागला की निवृत्ती मिळणार ती कसली, असं सानिका त्यांना चिडवू लागली.

बाळाच्या पुढच्या लसीला बाई गेल्या तेव्हा घर शांत होतं. शिवानी बाळाला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत होती. फळीवरच्या डबीतला दिवा विझलेला होता.

बाईंनी तिकडं एकदा पाहिलं. मग सुई दिली, बाळ रडलं, शिवानीनं त्याला पोटाशी धरलं.

"मीच बंद केली," शिवानी आपणहून म्हणाली. "कालपासनं. दिवसभर समृद्धीच बोलती त्याच्याशी, आणि मी नुसती दूध पाजणारी. म्हटलं, एक दिवस तरी माझं ऐकू दे. मी बी गायलो." ती थोडी हसली. "गप झालं ओ, बाई. माझ्या गाण्यावर झोपलं. आणि मला रात्रभर झोप न्हाई."

"मग?"

"मग काय. तिकडं ती नळ्या लावून पडलीय, आणि मी इथं तिच्या पोराला..." तिनं बाळाला बाईंच्या हातात दिलं, फळीपाशी गेली आणि डबी सुरू केली. समृद्धीचा हसरा आवाज खोलीत पसरला. बाळाचं रडणं थांबलं. शिवानी पाठ करून उभी राहिली.

"दोघींचं ऐकू दे की गं," बाई हळूच म्हणाल्या. "डबी लाव, आणि तिच्याबरोबर तूही गा. पोराला दोन आवाज जास्त होत नाहीत."

"खरं सांगताय?"

"माझी सानिका माझ्यापेक्षा माझ्या नणंदेच्या मांडीवर जास्त वाढली. मी गावोगाव फिरत होते ना." बोलून झाल्यावर बाईंच्या लक्षात आलं की आपण पुन्हा सानिकापाशी गेलो. "आज भांडायची वेळ आली की मलाच फोन करते."

समृद्धी परतली त्या दिवशी गोव्याहून नवरा आला होता, सासूनं रजा घेतली होती, शेजारपाजारच्या बायका पडवीत जमल्या होत्या. बाई मुद्दाम मागं, दाराआड उभ्या राहिल्या आणि त्यांनी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. समृद्धी खूप वाळली होती. अजून महिनोन् महिने गोळ्या होत्या, जड उचलायचं नव्हतं. ती उंबऱ्याशी थांबली. शिवानी बाळाला कडेवर घेऊन समोर उभी होती.

समृद्धी नुसती बघत राहिली. बाळानंही तिच्याकडं पाहिलं, परक्याकडं पाहावं तसं, आणि तोंड फिरवून शिवानीच्या खांद्यात लपवलं.

पडवीतल्या बायका माना पुढं काढून बघू लागल्या.

"अगं, बोल की!" शिवानी दबक्या आवाजात ओरडली. "चेहरा कुठं ठावा हाय त्याला? बोल!"

"ए माझ्या..." समृद्धीचा आवाज चिरकला. तिनं दम घेतला. "ए माझ्या लबाड कोकरा."

बाळाची मान झटकन वळली. आधी ते फळीकडं बघू लागलं. तिथं दिवा नव्हता. शिवानीनं सकाळीच डबीची वायर काढून ठेवली होती. मग त्यानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं.

"इकडं बघ की रं, माझ्या राजा. इकडं."

आता त्याला ती दिसली. तिचे ओठ हलत होते आणि आवाज तिथून येत होता. त्यानं भुवया उंचावल्या आणि हात पुढं केला, तिच्याकडं जायला नव्हे, तिच्या तोंडाकडं. शिवानी दोन पावलं पुढं झाली. बाळानं समृद्धीच्या ओठांवर आपली ओली बोटं ठेवली आणि ती पुढं काही बोलते का, याची वाट पाहू लागलं.